आप्पांनी वाटून दिलेल्या कविता

परवा एका समारंभात एक तरुण सर व्याख्यान ठोकत होते. विषय होता, जुन्या इंग्रजी कवितांनी दिलेले जगण्याचे धडे. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी पहिला धडा सांगितला, दुसरा सांगितला, तिसऱ्याला मी पिशवी उचलली आणि उठले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" म्हटलं, "हाव, बरं न्हाई." खोटं बोलले नाही मी. त्या धड्यांचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं.

मी स्वतः लातूरला सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. कविता मला आवडतात. पण कवितेखाली लिहिलेली शिकवण मी एकाही वर्गाला पाठ करायला लावली नाही. त्यावरून मुख्याध्यापकांनी खडसावलं, पालकांनी तक्रारी केल्या, मी बधले नाही. कारण ती शिकवण मी आमच्या घरात चालताना पाहिलेली होती, आणि ती माझ्या बहिणीच्या अंगावरून गेली होती.

आमचे आप्पा मुखेडच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगं झोपेतून उठून उभं राहावं. कविता शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी एकेका शब्दाचा मराठी अर्थ, मग खडूनं फळ्यावर रेघ, आणि रेघेखाली शिकवण. चार ओळी, पाठ करायच्या, कानामात्रा न बदलता. परीक्षेत 'कवी आपल्याला काय शिकवतो' हा प्रश्न हमखास यायचा आणि आप्पांच्या पोरांना त्यात पैकीच्या पैकी मिळायचे. अख्ख्या तालुक्यात नाव होतं त्यांचं.

त्या कवितांमधलं हवामान मात्र कुठल्या कुठं! तिथं ऊन आलं की लोक आनंदानं नाचायचे. इथं चैत्रातच आमच्या शाळेच्या पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा, आणि आम्ही घाम पुसत पुसत 'हे सूर्या, तू लवकर ये' असला अर्थ पाठ करून राहिलो होतो. आप्पांना यात काही वावगं वाटायचं नाही. त्यांना कवितेशी कामच नव्हतं, रेघेखालच्या चार ओळींशी काम होतं.

आणि त्या ओळींची त्यांनी वाटणी केली होती. धैर्य, साहस, पुढे जाणं, हे मुलांना. सहनशीलता, समाधान, कर्तव्य, हे मुलींना. एका कवितेत एक होडी होती, ती किनाऱ्याची दोरी तोडून खुल्या समुद्रात निघते. ती आली की आप्पा वर्गात सरळ सांगायचे, "मुलींनी हे पान सोडून द्या. यावर प्रश्न येत नाही." माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्यांच्याच वर्गात होती. तिनं ते पान सोडलं. प्रश्न नेमका त्याच पानावर आला. अक्काचे मार्क गेले, आणि घरी आल्यावर मार्क गेले म्हणून बोलणीही तिनंच खाल्ली.

दुसऱ्या एका कवितेत एक मेंढपाळ होता. मालक त्याला म्हणतो, मी येईपर्यंत इथून हलू नकोस. बर्फ पडायला लागतं. मेंढपाळ हलत नाही. सकाळी तो तिथंच मेलेला सापडतो. शिकवण: सांगितलेली जागा सोडू नये, कर्तव्य हेच जीवन. मी एकदा विचारलं होतं, "पण आप्पा, मालक कुठं होता?"

"तो प्रश्न परीक्षेला येत नाही," आप्पा म्हणाले.

ही मेंढपाळाची कविता त्यांनी आमच्या घरात कायद्यासारखी लावली. कशी, ते सांगते.

लातूर नवा जिल्हा झालं त्यानंतरची ती वर्षं. तिकडं रोज नवं ऑफिस निघायचं, नवी शाळा निघायची, गावागावातली शिकलेली पोरं गाड्या भरभरून तिकडं पळत होती. आणि इकडं पावसानं लागोपाठ दगा दिलेला. मुखेडच्या विहिरी आटल्या, बोअर आटले, गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला. टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. घागरींची रांग पहाटेच लागायची. रांगेचा नियम गल्लीतल्या बायांनी ठरवला होता आणि तो भलता कडक होता. घागरीजवळ त्या घरचं मोठं माणूस उभं पाहिजे. नसेल तर घागर लाथेनं बाजूला. मग आरडाओरडा करा नाहीतर रडा, पाणी मिळायचं नाही. फार तर शेजारणीला 'माझी बी बघ' म्हणून सांगता यायचं, आणि तिनं हाव म्हटलं की दोन्ही घागरी भरेपर्यंत तिला हलता यायचं नाही.

आमच्या घरची मोठी माणसं चार. आई दम्यानं बेजार. आप्पा मास्तर, ते कसे रांगेत उभे राहणार? अण्णा म्हणजे आमचा भाऊ, त्याला इंजिनियर व्हायचं होतं, त्यामुळं तो होडीवाल्या कवितेत मोडायचा. राहिली अक्का. ती नांदेडहून बी.ए., बी.एड. करून आली होती. आप्पांनी तिला शिकवलं ते पत्रिकेत छापायला बरं दिसतं म्हणून, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र वाटायचं, आपले आप्पा किती पुढारलेले!

एकदा रांगेत असताना आईला दम लागल्याचं कुणीतरी अक्काला सांगितलं. ती घागर टाकून पळाली, आईला दवाखान्यात नेलं. घागर रांगेबाहेर गेली, घरात पाणी आलं नाही. आप्पांनी संध्याकाळी अक्काला अंगणात उभं केलं, आणि जाणारे येणारे बघत असताना तिच्याकडून मेंढपाळाची शिकवण म्हणवून घेतली. इंग्रजीतून. पुन्हा. मोठ्यानं. आणखी मोठ्यानं. बी.एड. झालेली पोरगी! समोरच्या ओट्यावरच्या बाया पदराआड हसत होत्या. आईचा दम तेव्हा कुठं बसला होता, ती आतून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून अक्का रांगेतून तसूभर हलायची नाही.

अशात लातूरच्या एका नव्या शाळेतून अक्काला मुलाखतीचं बोलावणं आलं. इंग्रजीच्या जागेसाठी. अक्काला या घरातून बाहेर काढणारी ती एकच वाट होती, आणि ते तिला, मला, आईला, सगळ्यांना ठाऊक होतं. ती रात्री पडल्या पडल्या मला सांगायची, "खोली घेईन मी तिथं. तुला कॉलेजला तिकडंच नेते. दाराला आतून कडी लावायची आन् दिवसभर वाचत बसायचं." आप्पांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "जा की. सकाळच्या गाडीनं जा." आम्हाला लई नवल वाटलं. आईनं त्या आनंदात मूठभर शेंगदाणे भाजून अक्काच्या पर्समध्ये टाकले.

मुलाखतीच्या सकाळी अक्का तयार होऊन बसली. एकुलती एक बरी साडी, निळी. आप्पा म्हणाले, "गाडीला अजून वेळ आहे. तोवर रांगेत उभी राहा. मी अण्णाला पाठवतो. तो आला की जा. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही." अक्का निळ्या साडीत घागर घेऊन गेली.

मी तेव्हा नववीत होते. मी घरी, अण्णा पलंगावर पुस्तक छातीवर ठेवून घोरतोय, आप्पा ओसरीवर बसून बशीतनं चहा पितायत. मी म्हटलं, "आप्पा, अण्णाला उठवू? अक्काची गाडी जाईल."

"टँकर आला का?"

"न्हाई."

"मग?"

मी म्हटलं, मी जाते तिच्या जागी. ते म्हणाले, "तुला त्या बाया उभं राहू देतील का? गप बस." मी गप बसले नाही, पळत रांगेकडं गेले. अक्काला म्हटलं, "अण्णा झोपलाय. तू जा, मी भांडते सगळ्यांशी." ती घाबरी झाली होती, पण म्हणाली, "आप्पा पाठवतो म्हणालेत ना. येईल तो."

तिच्या पुढंच टेलरची मुलगी उभी होती. दोघी एकाच वर्गातल्या, दोघी आप्पांच्याच विद्यार्थिनी, आणि त्याच मुलाखतीला तिलाही बोलावणं होतं. स्टँडच्या बाजूनं गाडीचा हॉर्न ऐकू आला तशी तिनं घागर खाली ठेवली.

"चल गं."

"आन् घागरी?"

"मसणात जाऊ दे घागरी! नोकरी पाहिजे का पाणी?"

अक्का म्हणाली, "अण्णा आल्याशिवाय नको म्हणालेत आप्पा."

टेलरच्या मुलीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं. मग म्हणाली, "मग माझी बी बघ." आणि पळाली. चप्पल हातात घेऊन पळाली ती. अक्का हाव म्हणून बसली होती, आता दोन घागरी झाल्या तिच्या.

गाडी गेली. अण्णा आला नाही. टँकर आला तो उन्हं चढल्यावर. अक्कानं दोन्ही घागरी भरल्या, टेलरच्या घरची त्यांच्या दारात नेऊन ठेवली, आपली डोक्यावर घेऊन आली. निळ्या साडीचा पुढचा भाग सगळा भिजला होता. आप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जागा सोडली नाहीस ना? शाबास." तेवढंच. अक्का स्वयंपाकघरात गेली आणि पर्समधले शेंगदाणे काढून तिनं परत डब्यात टाकले. मी अण्णाला लाथ मारून उठवलं. तो म्हणाला, मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

टेलरच्या मुलीला नोकरी लागली.

आता ऐका पुढचं. आपली माजी विद्यार्थिनी नव्या जिल्ह्यात इंग्रजीची शिक्षिका झाली म्हणून शाळेनं तिचा सत्कार ठरवला. ठरवला कुणी? आप्पांनी. आणि आपल्याकडं बाईचा सत्कार बाईच्याच हातून करतात. शाळेत एकही बाई नव्हती. आप्पा घरी आले आणि अक्काला म्हणाले, "उद्या शाल-श्रीफळ तुझ्या हातून आहे. तीच निळी साडी नेस, बरी दिसते."

मला वाटलं अक्का नाही म्हणेल. ती नाही म्हणाली नाही. मात्र तिच्या कपाळावरची शीर फुगलेली मी पहिल्यांदा पाहिली.

शाळेच्या पटांगणात मांडव, पोरांची गर्दी, पुढच्या सतरंजीवर गल्लीतल्या सगळ्या बाया. आप्पा माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी विषय कुठला काढावा? होडीचा! दोरी तोडून निघालेल्या होडीचा! म्हणाले, "कवी काय शिकवतो? ज्याला पुढं जायचं आहे, त्यानं मागं बघू नये. आमची ही विद्यार्थिनी घागर टाकून पळाली, बरं का! पाणी सोडलं, संधी सोडली नाही!" पोरं हसली, टाळ्या पडल्या. टेलरची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला लाज वाटत असणार. आप्पांना वाटत नव्हती.

अक्का तबक घेऊन पुढं झाली. शाल घातली, नारळ दिला. रिकामं तबक परत हातांत घेऊन ती माइककडं वळली. कुणी तिला बोल म्हटलं नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, आणि माइकमधून तो शब्द सगळ्या पटांगणात गेला. "ही कविता आम्हाला बी होती. मुलींनी पान सोडा म्हणाला होतात तुम्ही. आम्ही दोघी एकाच बाकावर होतो. हिनं सोडलं न्हाई, मी सोडलं. मला आता सांगा, मी काय चुकले?"

मला वाटलं, झालं, आता आप्पा सापडले. सतरंजीवरच्या गल्लीतल्या बायासुद्धा आप्पांकडं बघत होत्या.

आप्पा हसले. माणसं लग्नात हसतात तसं, मनमोकळं. पुढं येऊन त्यांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक आपल्याकडं वळवला.

"ही माझी थोरली," ते म्हणाले. "हिचं काहीच चुकलं नाही. देगलूरच्या पाहुण्यांना मी संक्रांतीलाच शब्द दिलाय. मुलगा बिजवर आहे, पण कापडाचं मोठं दुकान आहे, दोन लेकरं आहेत, घर भरलेलं आहे. त्यांना नोकरीवाली मुलगी नको होती. पाण्याचं जरा बरं झालं की बार उडवून देऊ. सगळ्यांनी यायचं बरं का!"

संक्रांतीला. मुलाखत चैत्रात होती.

टाळ्या पडायला लागल्या. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, गल्लीतल्या बाया एकमेकींना टाळ्या देत हसल्या. अक्का मधोमध उभी होती. दोन्ही हातांत तबक होतं तिच्या, त्यामुळं तिला तोंड झाकता आलं नाही.