मागची खिडकी

दारव्ह्यातल्या काकू इंग्रजांच्या काळातल्या साहेबांच्या जुन्या दारूच्या गुत्त्याच्या इमारतीत चहा-पोह्याचं हॉटेल चालवतात. बोलताना हातातलं फडकं थांबत नाही. इमारतीची मागची खिडकी मात्र कायम बंद.

आठवीतून शाळा सोडून मी कोकणातून इथं फरशीकामाला आलो. पहिल्या दिवशी भूक लागलेली, पण आत जायची भीती वाटली, म्हणून त्या खिडकीवर टकटक केलं. काकू फडक्यासकट बाहेर आल्या.

“कायले इथं उभा हायेस बापू? माह्या आज्याले याच खिडकीतून दारू देत. आत पाय ठेवू देत नव्हते.”

हाताला धरून त्यांनी मला समोरच्या दारानं नेलं, बाकावर बसवलं.

परवा एक नवा मजूर त्याच खिडकीशी घुटमळत होता. काकू कढईपाशी अडकलेल्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पोहे ठेवून उठलो.