पंचफुलाबाईंचे कोरडे हात

पंचफुलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, बल्लारपूरहून. "बाबूजी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं कोणाचा, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, अहो, माणूस गेल्यावर 'बरं' काय म्हणता? बरोबरच होतं तिचं. पण तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या तोंडून कुठल्याही बातमीला आधी पोच मिळते, बाकीचं नंतर. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू काही आलं नाही. मात्र एक गोष्ट कागदावर यायची राहून गेली आहे. कचेरीचा कागद आता माझ्या हातात नाही, म्हणून ती पेपरच्या या पुरवणीत लिहितो.

ब्रह्मपुरीत बाजारामागच्या गल्लीत पंचफुलाबाईंच्या नवऱ्याचं, मारोतभाऊंचं, बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक सगळं खेड्यापाड्यांतलं, रानडुकरांपासून धान वाचवायला परवाना घेतलेले शेतकरी आणि जुन्या मालगुजार जमीनदारांच्या घरातल्या दोनचार रायफली. निवडणूक आली की परवान्याची प्रत्येक बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तिथल्या ओलसर खोलीत ती दोन-तीन महिने पडून राहते आणि परत येते ती नळीवर गंजाचे ठिपके घेऊनच. जिथं हात धरतो तिथला काळा रंग तर आधीच उडून पांढरं लोखंड उघडं पडलेलं असतं. मग मारोतभाऊंच्या दारात रांग लागे. ते काही बंदूक नवी करून देत नसत. उडालेल्या जागेपुरतं काळं करायचं, तेही भट्टी न लावता, बाटलीतल्या औषधानं. परवाना शाखेतला बाबू म्हणून वर्षातून दोनदा मी तिथं तपासणीला जाई. नोंदवहीत लिहिलेल्या बंदुका दुकानात आहेत की नाहीत, हे पाहायचं आणि चहा प्यायचा.

मारोतभाऊंना स्प्रिंग, स्क्रू, घोडा यांतलं सगळं यायचं. एकच गोष्ट जमत नसे, काळं करणं. त्यांच्या तळहातांना घाम फार. या औषधाचा स्वभाव असा की लोखंडावर तेलाचा, घामाचा अंशही चालत नाही. बोट लागलं तिथं रंग धरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या बोटाचा तपकिरी डाग वर येतो. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या तपासणीला मी हात धुवायला मागच्या पडवीत गेलो, तर उन्हात दोन विटांवर एका रायफलीची नळी ठेवलेली आणि तिच्यापुढे पंचफुलाबाई उकिडव्या बसलेल्या. राखेनं घासून कोरडे केलेले हात. कापसाच्या बोळ्यानं औषध लावायचं, मिनिटभर थांबायचं, थंड पाण्यानं धुवायचं, पुसायचं, तारेच्या मऊ गुंड्यानं हलकं घासायचं आणि परत लावायचं. पाच वेळा, सहा वेळा. राखाडी डाग हळूहळू भोवतालच्या जुन्या काळ्यात मिसळून जाई. मी पाहत उभा राहिलो. वर न पाहता त्या म्हणाल्या, "बाबूजी, सावली काढा थोडी. नळी थंडी होऊन राह्यली."

मी सावली काढली. बोललो काहीच नाही, कारण बोलायचं तर नियम बोलावा लागला असता. परवाना मारोतभाऊंच्या एकट्याच्या नावावर, त्यांच्याशिवाय कोणी हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी मी अहवालात लिहिलं, 'परवानाधारक स्वतः काम करतो.' पुढं अकरा वर्षं हेच वाक्य लिहीत गेलो. पडवीत जाऊन बाईंचं काम पाहायची मला गोडीच लागली होती. त्या फार बोलत नसत, पण हात चालू असताना थट्टा करत. मालकाला जुनी बंदूक चकचकीत हवी असली की म्हणत, म्हाताऱ्याले नवरदेव काऊन करता? उजळ झालेला भाग किती काळा करायचा आणि कुठं थांबायचं, हे त्यांना नेमकं कळे. मारोतभाऊंनी एकदा मला विचारलं होतं, बाईचं नाव कारागीर म्हणून परवान्यात टाकता येईल का. येत होतं. पण अर्ज वर जाणार, पोलिसांचा अहवाल येणार, चार प्रश्न निघणार, त्यांतला एखादा माझ्याकडेही वळणार. कशाला नसती उठाठेव, असं मी म्हणालो. ते मुकाट्यानं बरं म्हणाले.

मारोतभाऊ ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेले. झटका आला आणि तासाभरात संपलं. बाईंनी परवाना आपल्या नावावर करून मिळावा म्हणून अर्ज केला. सुनंदा तेव्हा कॉलेजात होती, घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं, आणि बाईंना दुसरं काही करायचंही नव्हतं. सुनावणीला त्या धुतलेलं पातळ नेसून आल्या. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, कामाचा अनुभव काय?

"काम मीच करत होती, साहेब. काळं करायचं सगळं मीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, बाई, विचार करून सांगा. परवान्यात नाव नसताना हत्यार हाताळलं असेल तर तो गुन्हा आहे, आणि हाताळलं नसेल तर अनुभव नाही. बाई म्हणाल्या, विचार करूनच सांगितलं. मग साहेब माझ्याकडे वळले. अकरा वर्षांचे अहवाल समोर होते, सगळ्यांवर माझी सही. तुम्ही यांना काम करताना पाहिलंय का? त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं, ते मला आजही ओळीनं सांगता येईल… माझी पेन्शन, चौकशी, बायको. पंचफुलाबाईंचा नंबर त्यात फार खाली होता. मी म्हणालो, "नाही साहेब. मी तसं कधी पाहिलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आश्चर्यानंही नव्हे. एखाद्या नळीवर औषध धरत नाही असं दिसल्यावर त्या जशा पाहत, तसं. अर्ज नामंजूर झाला. बाहेर आल्यावर, मी जिना उतरत असताना त्या थांबल्या होत्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "बाबूजी, जेवले का?" मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की आपण बाईंना गुन्ह्यातून वाचवलं. यात थोडं खरं आहे, म्हणून ते इतकी वर्षं चाललं. पण साहेबांनी मार्ग काढला असता. त्यांना तो काढायचा होता, म्हणून तर त्यांनी मला विचारलं. मला त्या उत्तराची लाज वाटते. बाई नंतर राईस मिलमध्ये कामाला लागल्या. एकदा ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर भेटल्या, केसांत धानाचा कोंडा अडकलेला. आता बंदुका कुठी नेतात लोक, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नागपूरला. डाग पडतात का? मी म्हणालो, पडतात. तेव्हा त्या हसल्या. चांगलं मनापासून हसल्या, आणि जीपमध्ये चढल्या. तीच शेवटची भेट.

तेरवीनंतर मी बल्लारपूरला सुनंदाकडे जाऊन आलो. आईच्या कामातलं काही ठेवलंय का, असं विचारलं. ती म्हणाली, आमच्या घरी काय राहील बाबूजी, ते सगळं लोकांच्या घरी आहे. तिनं एक नाव सांगितलं, वैनगंगेपलीकडच्या गावातल्या उद्धवभाऊंचं. दुकान बंद होण्याआधी आईनं शेवटची काळी केलेली रायफल त्यांची. मागच्या आठवड्यात मी तिथं गेलो. उद्धवभाऊंनी पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल काढली, उघडून दोनदा पाहिली आणि माझ्या हातात दिली. वडिलांच्या वेळची आहे. लाकूड चिरलं आहे, पण नळी अजून एकसारखी काळीभोर, कुठं सांधा दिसत नाही, कुठं बोट उमटलेलं नाही. इतक्या पावसाळ्यांत, इतक्या निवडणुकांत… मी ती उन्हाकडे फिरवून बराच वेळ पाहिली आणि उगाच विचारलं, हे कोणी केलं होतं?

"मारोतभाऊच्या बाईनं. दुसरं कोण? इकडं तर सगळ्याइलेच मालूम होतं." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी तर तपासणीले येत होते ना बाबूजी. तुमाले नव्हतं मालूम?"

"मालूम होतं," मी म्हणालो.

 उद्धवभाऊंनी रायफल माझ्या हातातून घेतली, लुगड्याचं टोक तेलात बुडवलं, आणि मी धरली होती ती जागा पुसून काढली.