नागलीत खडे निघाले तेव्हा

प्रमिलाताईंची आणि माझी पहिली भेट नाशिक रोडला, रस्त्याकडेच्या द्राक्षांच्या गाडीपाशी झाली. यजमानांच्या रेल्वेतील बदलीमुळे आम्ही नुकतेच मनमाडहून आलो होतो. मी द्राक्षे पिशवीत भरून घेतली, तोच मागे उभ्या असलेल्या बाईंनी विक्रेत्याला विचारले, "दादा, शेवटची फवारणी कधी केली?" तो आधी चिडला. मग ओशाळून म्हणाला, "माल घरचाच आहे, ताई. तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो, आज नका घेऊ. चार-पाच दिवसांनी या." मी माझी पिशवी मुकाट्याने गाडीवर रिकामी केली. ताई खळखळून हसल्या आणि मला चहाला घरी घेऊन गेल्या.

ताई तेव्हा नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. वसाहतीतील बायकांना जमवून त्यांनी एक ग्राहक गट सुरू केला होता. वर्षाचा तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी, सुरगाण्याच्या एका पाड्यावरून थेट आणायची, असा त्याचा साधा शिरस्ता. पिकवणारीला योग्य दाम मिळावा आणि आपल्या पोटात काय जाते ते आपल्याला ठाऊक असावे, एवढेच त्या सांगत. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावून उपदेश करणे त्यांच्या स्वभावातच नाही. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी थर्माकोलच्या ताटल्या आणल्या होत्या. ताई आल्या, त्याच ताटलीत जेवल्या आणि निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझी स्टीलची ताटं न्या. घासायला मी येते." आणि खरोखरच आल्या!

परंतु ताई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या नागलीत खडे निघाले त्या वर्षी. भाकरी दाताखाली करकरत होती. गटाच्या बैठकीत सगळ्याच संतापल्या, आणि सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे मी इथे कबूल करते. "दुकानात स्वच्छ पाकिटं मिळत असताना ही माती कशाला खायची? पोती परत पाठवा," मी म्हणाले.

"पाठवू," ताई शांतपणे म्हणाल्या, "पण आधी विचारून तर येऊ. तुम्हीच चला माझ्याबरोबर."

जीपने आम्ही पाड्यावर पोहोचलो. आम्हाला धान्य देणाऱ्या जानकीबाई आम्ही पुडीत बांधून नेलेले खडे पाहून मटकन खाली बसल्या. "अवकाळी पाऊस झाला, अंगण वलं राह्यलं. मंग सडकेवर वाळवली. चुकलं आमचं. पन ताई, ही परत आली तं घर बंद करून द्राक्षाच्या मळ्यात कामाला जावं लागंल. पोरींची शाळा सुटंल."

ताई त्यांच्या शेजारी बसल्या. "चूक झाली हे खरं, जानकीबाई. आमच्याकडे लहान मुलं खातात. पुढच्या वर्षी ताडपत्रीवर वाळवा. ताडपत्री आम्ही आणतो. या वर्षीची आम्ही निवडून खाऊ."

परतल्यावर ताईंनी गटापासून काहीही लपवले नाही. खडे आहेत, निवडावे लागतील, ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, असे सरळ सांगितले. काही घरे गट सोडून गेली. त्यांच्याविषयी ताईंच्या तोंडून एकही कडवट शब्द मी ऐकला नाही. आम्ही उरलेल्या बायका सुपे घेऊन रोज दुपारी त्यांच्या घरी निवडायला बसू लागलो.

पुढच्या हंगामात जानकीबाई स्वतः पोत्यांबरोबर आल्या. माझ्या तळहातावर मूठभर नागली ओतून म्हणाल्या, "आता बघा." एकही खडा नव्हता. त्यांच्या मुलींची शाळाही सुटली नव्हती. गट सोडलेल्यांपैकी बरीच घरे हळूहळू परतली. माझ्या यजमानांच्या शस्त्रक्रियेनंतर तर ताई महिनाभर रोज सकाळी नागलीची आंबील घेऊन आमच्या दारात येत असत. अशा बाईंच्या गटात मी आहे, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा त्यांनी बजावले, "शाल नको, घरात चार आहेत. पुस्तक काढणारच असाल तर मोजक्या प्रती काढा, आणि वाचून झालं की पुढे द्या."

ताई, प्रती मोजक्याच काढल्या आहेत. तुमच्या आयुष्याच्या बाबतीत मात्र असली काटकसर आम्हाला मान्य नाही. तुमचे गुडघे पाड्याची चढण चढत राहोत, प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरीच्या ग्रंथातही लिहायला आम्हालाच बोलवा.