पानात आधी काय

किन्हवलीजवळच्या आमच्या घरात नवरा एक आणि बायका दोन. थोरलीला मूल होईना म्हणून मला आणली. मलाही झालं नाही. लढाईच्या दिवसांत ते तापानं गेले आणि एका चुलीपाशी दोघी विधवा उरलो. तिला मी अक्का म्हणायची, पण मनातून तिच्यावर जळायची. ते होते तेव्हाही मी जळत होते, ते गेल्यावर जास्तच.

कारण महिना उलटतोय तोच ही बाई भाताच्या लावणीला गेली आणि चिखलात उभी राहून गाणी म्हणायला लागली. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. निदान रडण्यात तरी मी तिच्या पुढे, असं समजून मी वर्षभर रडले. पण समाचाराला आलेल्या बायका बसायच्या तिच्याचजवळ.

वर्षश्राद्ध उरकलं, पितृपक्ष आला आणि त्यांच्या नावानं पान वाढताना भडका उडाला. मी म्हटलं, आधी माझी अळूवडी, त्यांचा माझ्या वड्यांवर जीव होता.

"खीर वाढ गो आधी," अक्का म्हणाली. "माज्या खिरीबिगर ते उठत नव्हते."

मी खिरीचा द्रोण कडेला सारला, तिनं तो मधोमध आणला. असं तीनदा झालं. शेवटी पान छपरावर ठेवलं, तर कावळ्यानं नुसता भात उचलला.

पौषात तिनं मला म्हसा गावच्या जत्रेला ओढत नेलं. घोंगडी घ्यायची म्हणाली आणि चढली लाकडी पाळण्यात. मलाही बसवलं. पाळणा वर गेला, खाली बैलांचा बाजार फिरायला लागला, मी घाबरून तिचा हात धरला.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तुज्या वड्यांनी त्येंचा घसा खवखवायचा. माज्याकडं येऊन गुपचूप ताक मागायचे."

माझं डोकंच फिरलं. "आनि तुजी खीर? मला म्हनायचे, खीर नाय ती, खळ हाय. पन तिला बोलू नको, वाईट वाटंल."

ती अशी हसली की पाळणेवाला ओरडला. मीही हसले, ते गेल्यापासून पहिल्यांदा. उतरल्यावर तिनं गुळाची शेव घेतली, एकटीनं पुडा संपवला आणि दुसरा मागितला. आम्ही पुन्हा पाळण्यात बसलो.

काही वर्षांनी अक्काही गेली. पितृपक्षात तिचं पान वाढायला बसले आणि माझा हात थांबला. तिला काय आवडायचं? घरात ती आमचं उरलेलं खरवडून खायची, "मला काय पन चालतं" म्हणायची. इतकी वर्षं माझा डोळा तिच्यावरच होता, पण सगळं लक्ष ते तिच्या हातचं काय खातात हे बघण्यात गेलं. आठवली ती फक्त जत्रेतली शेव, आणि जत्रेला अजून चार महिने होते.

मग मीच घरी शेव पाडली, गुळाचा पाक केला. पाक बिघडला, सगळ्या शेवेचा गोळा झाला. पानात आधी तोच वाढला.