बशीतलं कडं

सासरच्या सगळ्या गोतावळ्यात तिला ‘लॅबवाली’ म्हणत. कुणाला खोकला लागला, कुणाच्या पाठीवर पुरळ उठलं, की डॉक्टरच्या आधी फोन तिला जायचा. तीही तो लगेच उचलायची आणि “आमच्या लॅबमध्ये” अशी सुरुवात करून पुढचं सांगायची. लॅबमध्ये ती नेमकं काय करते हे कुणी खोदून विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. ती तिथे बशा धुवायची. जंतू वाढवायच्या त्या झाकणाच्या काचेच्या बशा मोठ्या कुकरमधून वाफवून आल्या की त्या खरवडायच्या, घासायच्या, निथळत ठेवायच्या. काम चोख होतं. एखाद्या बशीवर डाग राहिला तर तिचं तिलाच लागायचं. पण चार माणसांत पांढरा कोट तेवढा सांगायचा आणि रबरी हातमोजे गाळायचे, हा मोह काही तिला एकटीलाच झालेला नाही.

एकदा लॅबच्या मॅडमनी ओरेगॅनोचं तेल तपासायला घेतलं. कागदाची बारीकशी टिकली तेलात बुडवली आणि जंतू पसरलेल्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरली होती आणि टिकलीभोवती मात्र स्वच्छ, गोल कडं पडलं होतं. तेवढ्या जागेत एक जंतू जगला नव्हता. हिने बशी खिडकीशी धरून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, पिझ्झावर भुरभुरतात त्या पाल्याचं तेल, जंतू साफ, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धडाधड अंगठे आले. थोरल्या नणंदेने तर बाटलीच मागवली. त्या दिवशी स्वारी हवेत होती.

ही नणंद एकटी राहायची आणि घरीच कपडे उसवून-शिवून द्यायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही, पण या वहिनीवर तिचा जीव. मध्यंतरी तिला लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, एवढं हिला ठाऊक होतं. परवा दुपारी लॅबमधूनच सहज चौकशीला फोन केला तर नणंद म्हणाली, गोळ्यांनी पोटात ढवळायचं, म्हणून त्या केव्हाच बंद केल्या.

“तुझं तेल घेतेय ना,” ती म्हणाली. “जरा थंडी भरते आणि कंबर धरलीय, तेवढंच.”

बोलताना तिचे दात वाजत होते, आणि ते फोनवर स्पष्ट ऐकू येत होतं.

‘तुझं तेल’ ऐकून हिच्या काळजात धस्स झालं. नळ वाहता तसाच राहिला. मॅडमना विचारावं तर फोटो काढल्याचं कळणार, न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. तिने धुतलेल्याच बशा पुन्हा धुतल्या. शेवटी हात पुसत दारात उभी राहिली आणि शेजारणीच्या ओळखीतल्या कुणाची तरी गोष्ट म्हणून विचारलं, की लघवीला जळजळ असताना गोळ्यांऐवजी त्या तेलाचे किती थेंब घेतले म्हणजे पोटातही तसं कडं पडतं.

मॅडम हसल्या. फिनाईलचंही कडं पडतं, म्हणाल्या, याच्याहून मोठं. बशीत जंतू बसल्या जागी असतो आणि तेल थेट त्याच्या उरावर. माणसाने गिळलेलं तेल आतड्यातून, यकृतातून जाता जाता बदलतं. त्यातलं मूत्रपिंडापर्यंत काय पोचतं, पोचतं तरी का, हे कुणी धड मोजलेलं नाही. माणसांवर झालेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही लहान लहान. वाईटच आहे असं नाही, पण औषध सोडून घ्यावं असं त्यात काही सापडलेलं नाही. एवढं सांगून त्या थांबल्या, कारण समोरचीचा चेहरा पांढरा पडला होता.

“ताप आहे तिला? थंडी वाजते? कंबर दुखते?”

तिने तिन्हींना मान डोलावली.

“मग तू इथे काय करतेस? जा, तिला दवाखान्यात ने.”

बसमध्ये तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मनात नको नको ते येत होतं, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे ती बशी. एवढी सुंदर, एवढी स्वच्छ दिसली होती ती!

दार उघडंच होतं. शिलाई मशीनचा दिवा चालू, सुईखाली अर्धी शिवलेली पँट तशीच, आणि नणंद बाजूच्या पलंगावर दोन रजया घेऊन कुडकुडत पडलेली. उशाशी पेला आणि तेलाची बाटली. हात लावला तर अंग भाजत होतं. ही म्हणाली, उठा, दवाखान्यात जायचंय. नणंद म्हणाली, जंतू मरताना ताप येतोच, कुठेतरी वाचलंय, उद्या उतरेल. हिने फिनाईलचं सांगून पाहिलं. त्यावर नणंदेने डोळे मिटूनच उत्तर दिलं, की फिनाईल कोण पितं, हे तर पानांचं आहे. मग उशाखालून फोन काढून तो फोटो पुढे धरला.

“हा खोटा आहे का?”

“नाही, वन्सं. फोटो खरा आहे.”

“मग झालं तर.”

हिचं रडू फुटायच्या बेतात होतं. आता एकच गोष्ट सांगायची राहिली होती, इतकी वर्षं दडवलेली. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“वन्सं, मला त्यातलं काही कळत नाही. मी तपासण्या करत नाही. मी तिथे बशा धुते.”

नणंदेने रजईतून हात काढून हिची बोटं धरली, साबणाने चिरलेली, नखांपाशी सोललेली.

“माहीत आहे गं. हात दिसत नाहीत का मला? मी लॅबचं कुठे ऐकलं? तुझं ऐकलं.”

कुणी थोबाडीत मारली असती तरी हिला एवढं लागलं नसतं. पण लागलेलं कुरवाळत बसायला वेळ नव्हता.

“मग आताही माझंच ऐका,” ती म्हणाली, आणि वाकून तिच्या पायांत चपला घालू लागली.

दवाखान्यात धावपळ झाली. सुई टोचली, सलाइन लागलं, रक्त आणि लघवीच्या बाटल्या तपासायला गेल्या. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला दिसतोय, आजची रात्र बघू. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, गोळ्या सोडल्यावर दुसरं काही घेत होतात का?

“काही नाही,” नणंद म्हणाली. अंगात फणफणता ताप, धड डोळे उघडवत नव्हते, आणि तरी वहिनीची लाज राखायचं भान होतं.

हिला गप्प राहता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

“तेल घेत होत्या,” ती म्हणाली. “ओरेगॅनोचं. मी सांगितलं होतं.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. किती थेंब, किती दिवस, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारून लिहून घेतलं. आणि मान वर न करताच म्हणाल्या, “आणखी कुणाला सांगितलंय?”

ती बाहेर बाकड्यावर येऊन बसली. ग्रुप उघडला. फोटोखालचे सगळे अंगठे तसेच होते. चुलत दिराने तो पुढे आपल्या मित्रांना पाठवल्याचंही कळवलं होतं, मोठ्या अभिमानाने. आतून नणंदेचं कण्हणं ऐकू येत होतं. तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं. पलीकडून नेहमीसारखा लाडाचा आवाज आला, काय म्हणते आमची लॅबवाली?

“मी तिथे बशा धुते,” ती म्हणाली. “आधी एवढं ऐकून घ्या. मग त्या तेलाचं सांगते.”