फाळाखालचा बुधला

कागद वाचून काम करायचं ते ज्याला अक्कल नाही त्याने, असं ओब्रादचं मत होतं आणि ते त्याने आयुष्यभर निष्ठेने पाळलं. पाणी तापवायचा विजेचा बंब त्याने स्वतः बसवला. तेव्हापासून त्यांच्या न्हाणीत नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि त्याची बायको कोसारा रबरी हातमोजे घालून आंघोळ करते. कुणी विचारलंच तर ओब्राद सांगतो की दोष पाण्यात आहे. दगडखाणीत तो मुकादम होता. तिथेही त्याच्या हातून कधी चूक झाली नाही, कारण झालेली प्रत्येक चूक संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढलेली असे.

अशा माणसाने मेटल डिटेक्टर विकत घेतला, तेव्हा आम्ही गावकऱ्यांनी गुत्त्यातल्या खुर्च्या त्याच्या बागेच्या दिशेला वळवून ठेवल्या.

घ्यायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. आमच्याकडे मुलगा झाला की बाप त्या वर्षीच्या आलुबुखारांची रकिया गाळतो, काचेच्या मोठ्या बुधल्यात भरतो आणि एकटाच जाऊन बागेत पुरतो. जागा कुणालाही सांगायची नाही, बायकोलाही नाही. वर नांगराचा जुना फाळ आडवा ठेवायचा, म्हणजे उकरताना कुदळ आधी लोखंडाला लागते, काचेला नाही. ती दारू बाहेर निघते थेट मुलाच्या लग्नात, आणि पहिला पेला कुमला मिळतो. कुम म्हणजे लग्नाचा साक्षीदार, पण त्याचा मान सख्ख्या भावाहून मोठा. पेला भरताना बाप उभा राहतो आणि चार माणसांत सांगतो की कुठे पुरली, कशी पुरली, आणि पुरताना मनात काय होतं.

ओब्रादने वेल्कोच्या जन्माला पुरली होती. त्याआधी कोसाराची दोन मुलं जगली नव्हती. त्यामुळे वेल्को रडला तेव्हा ओब्रादही रडला होता, हे सुईणीने सगळ्या गावाला सांगितलंय. पुढची तीस वर्षं ओब्रादने त्या दारूबद्दल इतक्या बढाया मारल्या की न पिताच आमचं डोकं दुखायचं. खूण म्हणून त्याने धरलं होतं कोपऱ्यातलं आलुबुखाराचं झाड. मग रासबेरीला भाव आला. सगळा गाव झाडं तोडून रासबेरी लावत सुटला, आणि ओब्रादने सगळ्यांच्या आधी तोडली. त्यात खुणेचं झाडही गेलं. कुंपण सरकलं, ट्रॅक्टर फिरला, आणि हे महाशय छाती फुगवून रासबेरीच्या रांगांमध्ये उभे.

वेल्कोचं लग्न संत दिमित्रीच्या सणानंतरच्या रविवारी ठरलं, तेव्हा ओब्राद खणायला लागला. पाण्याचे चर खणतोय, असं सांगायचा. चर गोल असतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. खड्ड्यांनी बाग भरली, बुधला काही लागेना. मग ते यंत्र आलं.

पहिल्या दिवशी त्याने सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली, कारण अर्ध्यावर थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. यंत्र केकाटायला लागलं. इकडे गेला तरी केकाटे, तिकडे गेला तरी केकाटे. ओब्रादचा चेहरा उजळला.

"सगळीकडे आहे!" तो ओरडला.

"काय आहे सगळीकडे?" कोसाराने ओट्यावरून विचारलं. "एकच बुधला पुरलास ना?"

"जमिनीत धातू आहे बाई. रोमन लोक राहायचे इथे."

"तुझ्या बुटात राहतायत ते रोमन."

खाणीतले बूट होते ते, पुढे पोलादी टोप्या असलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं हा माणूस स्वतःच्याच अंगठ्यांवर सकाळभर खणत होता. गुत्त्यात त्या दिवशी हसून हसून एकाच्या नाकातून बिअर आली.

दुसऱ्या दिवशी तो रबरी जोड्यात आला. आता रासबेरीच्या तारा आणि लोखंडी खांब ओरडायला लागले. तारांपासून लांब गेला, तर जुन्या वरातींमध्ये हवेत झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या सापडल्या, बाटल्यांची झाकणं सापडली, आणि कोसाराचा एक चमचा, ज्याच्यावरून तिने नणंदेशी वर्षभर अबोला धरला होता. बरं, यंत्र चालवायचं कसं, तर गवत कापल्यासारखं. उजवीकडून डावीकडे जोरात, आणि परत येताना हवेतून. आमच्या माणसाच्या हातात लांब दांडा दिला की तो गवतच कापतो. चकती जमिनीपासून गुडघाभर उंच, आणि खाली एक गांडूळ सापडलं असतं तर शपथ.

"भिकार यंत्र," ओब्रादने गुत्त्यात जाहीर केलं. "शहरातल्या मातीसाठी बनवलंय."

नाचता येईना, अंगण वाकडं. तिथे एक जुनी नाणी शोधणारा बसला होता, परगावचा. त्याने सल्ला दिला, "लोखंड बंद करा दादा. आम्ही सगळे तेच करतो. नाहीतर जन्मभर खिळे खणाल."

ओब्रादने लोखंड बंद केलं. यंत्र एकदम शहाण्यासारखं गप्प झालं. आठवडाभर तो बागेत फिरला, आणि ते गप्पच होतं. एकेका रात्री तो झोपेत उठून बसायचा म्हणे, आणि कोसारा विचारायची, काय झालं, तर म्हणायचा, काही नाही. लग्न तोंडावर आलं होतं. नाक कापलं जायची वेळ आली की माणूस कसा दिसतो, ते आम्ही रोज कुंपणापलीकडून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा घेत होतो.

शेवटी कोसाराने जेवताना विचारलं, "त्या यंत्राला काय सांगून ठेवलंयस तू?"

"लोखंड सोडून बाकी सगळं दाखव."

"आणि बुधल्यावर काय आहे?"

ओब्रादचा चमचा सूपात थांबला.

"सूप गार झालंय," तो म्हणाला, आणि उठून गेला.

पण त्या दिवसानंतर त्याने एक गोष्ट केली जी त्याने जन्मात केली नव्हती. डुकरांच्या खोपटामागे, जिथे आम्हाला दिसणार नाही असं त्याला वाटत होतं, तिथे त्याने यंत्राबरोबर आलेला कागद उलगडला. मग त्याने एक घोड्याचा नाल पुरला, एक चमचा, एक नाणं, आणि थोडं खोल कुदळीचं मोडकं पातं. एकेकावरून चकती फिरवून तो कान देऊन ऐकत बसायचा. नाण्याचा आवाज बारीक आणि स्वच्छ, लोखंडाचा जाड आणि फाटका. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, आधीच्या फेऱ्यावर थोडा पुढचा फेरा चढवत कसं जायचं, ते तो शिकला. तारांपाशी यंत्राचा कान थोडा बधिर करायचा, तेही शिकला. साठी उलटल्यावर का होईना, शिकला. गुत्त्यात अर्थातच त्याने सांगितलं की ही पद्धत त्याने स्वतः शोधून काढली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी, चौथ्या आणि पाचव्या रांगेच्या मधे, यंत्र जाड आवाजात घरघरलं. मोठं काहीतरी होतं. ओब्रादने दोन्ही दिशांनी चकती फिरवली, टाचेने फुली मारली आणि लगेच खणलं नाही. आधी सगळ्यांना बोलावलं. वेल्को आला, कुम व्हायचा होता तो रात्को आला, आम्ही तर कुंपणावरून उड्या मारूनच आलो.

"शास्त्र आहे हे," ओब्राद म्हणाला. "येरागबाळ्याचं काम नाही. यंत्र काय बोलतंय ते ऐकता यायला हवं."

कुदळ फाळाला लागली. ठण्ण आवाज झाला, आणि बागेत असा आरडाओरडा झाला की कोंबड्या पळाल्या. ओब्रादने गंजका फाळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, गोल फिरून सगळ्यांना दाखवला.

"आता हाताने उकर," कोसारा म्हणाली.

"पन्नास वर्षं कुदळ धरतोय मी."

"ओब्राद, हाताने."

"बाबा, थांबा, मी उतरतो," वेल्को म्हणाला.

"बाजूला व्हा!"

त्याने कुदळ उचलली आणि घातली. फाळ तर त्याच्या पायाशी पडला होता. मधे काही उरलंच नव्हतं. आवाज फार लहान झाला, पेला ओट्यावर आपटावा इतका. मग वास आला. तीस वर्षांची आलुबुखारं एकदम वर आली, आणि खड्ड्यातली माती काळी होत गेली. ओब्राद गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती दाबायला लागला, जणू ती थांबेल.

कोसाराने त्याला बाजूला केलं. बुधल्याचा तळ शाबूत होता, त्यात थोडी रकिया साचली होती. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यातून ती एका वाटीत गाळली.

दुसऱ्या दिवशी मंडपात कुमचा पेला भरायची वेळ आली. ओब्राद उभा राहिला. तीस वर्षं पाठ केलेलं भाषण होतं त्याचं, अर्धं तर आम्हालाही पाठ होतं. पेला जेमतेम तिसरा हिस्सा भरला, गढूळ. बाजा थांबला. आम्ही वाट बघत होतो की आज दोष कुणावर जातो, यंत्रावर, कुदळीवर, की बायकोने मधे बोलण्यावर.

"चौथ्या रांगेपाशी पुरली होती," ओब्राद म्हणाला. "झाड मी तोडलं. बुधलाही मीच फोडला."

अख्खा जन्म आम्ही हे त्याच्या तोंडून ऐकायला टपलो होतो. ऐकलं, तेव्हा एकालाही हसू आलं नाही.

"आणि पुरताना मनात काय होतं?" रात्कोने विचारलं, कारण ते विचारावंच लागतं.

ओब्रादने वेल्कोकडे बघितलं. "हा तरी जगू दे," तो म्हणाला.

रात्कोने पेला एका दमात संपवला. त्याच्या दातांखाली माती कचकन वाजली, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली.