ठसका न लागलेल्या मिरच्या

तव्यावर मिरच्या जळत होत्या आणि घरात कुणालाच ठसका लागला नाही.

“बघा ताई, केवढी दृष्ट लागली होती!” धाकटी जाऊ म्हणाली. तिचं बाळ दुपारपासून रडत होतं. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची म्हणत मीच त्याच्यावरून मिरच्या ओवाळल्या होत्या; माझा फार जीव त्याच्यावर, म्हणून.

सकाळी त्याला न्हाऊ घालताना वाटून गेलं होतं, माझं जगलं नाही, मग हिचंच का जगावं? केलं काहीच नाही. अंग पुसलं, झबलं घातलं. नुसत्या विचाराचं कसलं पाप, अशी दिवसभर मनाची समजूत घातली. पण दृष्ट म्हणजे तरी दुसरं काय असतं?

बाळ शांत झालं, हसत माझ्याकडे झेपावलं. मी त्याला छातीशी घेतलं आणि पुन्हा तेच वाटलं.